बेनी ते कागबेनी : साडेपाच मीटरच्या पट्टीच्या नोंदी

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

भिंत मोजली. प्रयोगशाळेची पूर्वेकडची, खिडकी नसलेली भिंत पाच मीटर साठ सेंटिमीटर भरली. तिच्यावर नेपाळमधल्या कालीगंडकी नदीची दरी एका लांब पट्टीवर काढायची. भिंत नेमकी दक्षिणोत्तर आहे, म्हणजे पट्टीवरची उत्तर ही खरी उत्तर असेल. मुलं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली की उत्तर डाव्या हाताला येईल. पाठ्यपुस्तकात ती वर असते, त्यामुळे थोडा गोंधळ होईल. होऊ दे.

प्रमाण ठरलं : १ किलोमीटर म्हणजे १० सेंटिमीटर, उभं आणि आडवं दोन्ही सारखंच. पुस्तकातले डोंगरांचे छेद उभे ताणलेले असतात, म्हणून हिमालय करवतीच्या दातांसारखा दिसतो. आपण ताणायचं नाही. नेपाळमधल्या बेनीपासून कागबेनीपर्यंत सरळ उत्तरेला मोजलं तर साधारण ५४ किलोमीटर होतात, म्हणजे ५ मीटर ४० सेंटिमीटर. भिंतीत बसतं.

सुरुवात दहावीतल्या एका मुलीच्या प्रश्नातून झाली. दोन भूपट्ट एकमेकांवर आदळले आणि हिमालय झाला, असं मी फळ्यावर दोन बाण काढून सांगितलं. ती म्हणाली, "सर, मग तो सांधा कुठाय? कुणी बघितलाय का?" मी म्हणालो, असेल की तिथेच कुठेतरी, दरीबिरीत. उत्तर देऊन झालं आणि मग मलाच लाज वाटली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दगड आणायचे नाहीत हे ठरलं. दरीचा बहुतेक भाग अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतो, तिथून दगड उचलून आणणं बरं नव्हे. मग पट्टीवर खडक दाखवायचे कसे? रंगाच्या दुकानातून जुनं शेडकार्ड मागून आणलं. दगडाशेजारी धरायचं, जुळेल त्या चौकोनाचा नंबर वहीत लिहायचा, परत आल्यावर तोच रंग लावायचा. दुकानदाराला वाटलं घराला रंग काढतोय. हिमालयाला लावायचाय म्हटल्यावर त्याने कार्डाचे पैसे घेतले नाहीत.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

ताई (मामेबहीण) यायला तयार झाली. तिने भूशास्त्र घेऊन एमएस्सी केलं आणि नंतर पंचवीस वर्षं बोगद्यांच्या कामांवर काढली. ओवाळणीचं पाकीट बाजूला ठेवून म्हणाली, "हे राहू दे, गाडीभाडं तू भर."

तिला सांध्याचा प्रश्न सांगितला. ती हसली आणि म्हणाली, "तू आधी दरी बघ. मग मला सांग सांधा कुठे होता ते." म्हणजे तिला उत्तर माहीत आहे आणि ती सांगणार नाही. लहानपणापासून अशीच आहे.

आत्याकडे देवघरातला शाळिग्राम मागितला. पट्टीच्या उत्तर टोकाला काचेच्या डबीत ठेवायचा विचार होता. आत्या म्हणाली, "देव शाळेत जात नाहीत." फोटो काढायला परवानगी मिळाली, तोही आंघोळ करून.

६ नोव्हेंबर, बुधवार. बुटवल, मग पाल्पा

गोरखपूर, सुनौली, सरहद्द, बुटवल. तराईचं सपाट मैदान बुटवलपाशी एकदम संपतं आणि पुढे डोंगर उभा राहतो. पहिली रांग शिवालिकची. ताईने जीप थांबवून कडेच्या कापलेल्या दरडीतून वाळूचा खडक नखाने खरवडला. भुसभुशीत, अधूनमधून गोटे. हिमालय वर येत असताना नद्यांनी जी झीज खाली आणली, तिचेच हे थर. मग डोंगराने पुढे सरकताना आपलाच राडारोडा उचलून त्याचीही रांग केली.

हा भाग पट्टीबाहेरचा आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार. पोखरा, बेनी, तातोपानी

काल पोखऱ्यात ढग होते, शिखरं दिसली नाहीत. आज बेनीला पट्टीचा शून्य टाकला. नदी इथे समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास, पाणी राखेच्या रंगाचं.

बेनीच्या वर म्याग्दी जिल्ह्यातच बैसारीजवळ ड्रायव्हरने समोरची दरड दाखवली. २५ एप्रिल २०१५ चा ७.८ तीव्रतेचा गोरखा भूकंप झाल्यावर महिनाभराने, २४ मे रोजी, इथला डोंगर नदीत आला. नदी तुंबली, मागे तळं झालं, खालची गावं रिकामी केली. पंधराएक तासांनी पाण्याने आपली वाट आपणच फोडली. भूकंपात जे हललं ते या सगळ्या डोंगरांच्या पोटाखालून उत्तरेकडे उतरत जाणारं एकच मोठं भेगेचं प्रतल आहे. भारत दरवर्षी सुमारे दोन सेंटिमीटर नेपाळच्या डोंगरांखाली सरकू पाहतो, पण वरचा भाग अडकून बसतो. शतकं अडकतो आणि एका मिनिटात सुटतो. २०१५ साली गोरख्याहून पूर्वेचा तुकडा सुटला. इथून पश्चिमेचा पट्टा मोठ्या प्रमाणावर शेवटचा हलला तो १५०५ मध्ये. ड्रायव्हर हे ऐकून काही बोलला नाही, जीप मात्र सुरू केली.

खडक : तातोपानीपर्यंत फिलाइट आणि क्वार्टझाइट (दाबून कठीण झालेला वाळूचा खडक). फिलाइट म्हणजे गाळाच्या मातीचा दाबून झालेला चकचकीत, पापुद्रे सुटणारा दगड. हा लघुहिमालयाचा पट्टा, वय सुमारे १८० कोटी वर्षं. भारताच्या भूमीचा फार जुना गाळ. शेडकार्डावर जो राखाडी जुळला त्याला कंपनीने "मोती" म्हटलंय.

आज एक घोळ झाला. थरांचा कल मोजायला मोबाइलचं होकायंत्र वापरलं आणि कड्याला टेकलेल्या जीपच्या बॉनेटवर वही ठेवून मोबाइलही तिथेच ठेवत होतो. सहापैकी चार ठिकाणी कल दक्षिणेकडे आला. ताईने तिचं जुनं क्लिनोमीटर काढून पाहिलं तर सगळीकडे उत्तरेकडे, तीस ते चाळीस अंश. "बॉनेट लोखंडाचं असतं रे," एवढंच म्हणाली. दिवसभराची दिशा वहीतून खोडली.

संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात बसलो. खोल गेलेलं पाणी तापून भेगांतून वर येतं. गुडघे मोकळे झाले.

९ नोव्हेंबर, शनिवार. दाना, रूप्से, घासा

या दिवसाची नोंद लांबणार.

दाना गावाच्या आसपास दरी एकदम आवळते. खाली शेतं, केळी, संत्र्याची झाडं होती, ती संपली आणि दोन्ही बाजूंनी भिंती उभ्या राहिल्या. रूप्सेचा धबधबा रस्त्यावरच पडतो. मला ही अरुंद जागा बघून वाटलं, हाच सांधा. दोन्हीकडचे खडकही वेगळे : खाली पापुद्र्यांचा फिलाइट, वर जाड, पट्ट्यापट्ट्यांचा, चमचमणारा नाइस. ताईला म्हणालो, सापडला.

ती म्हणाली, "हा मोठा भ्रंश आहे, खडक तुटून सरकले ती भेग, खरंय. मुख्य मध्य भ्रंश. पण वरचा खडक कुणाचा?"

मी म्हणालो, तिबेटचा.

"बघ."

मग तिने दोन तास मला रस्त्याच्या कडेने चालवलं. आम्हा सह्याद्रीतल्या माणसांचा थरांचा अनुभव फार सोपा असतो. बसाल्टचे थर आडवे, एकावर एक, खालचा जुना, वरचा नवा. पसरणीच्या घाटात बसमधून मोजता येतात. डोळ्यांना तीच सवय. इथे ती सवय सोडावी लागली. खालून वर जाताना खडक जास्त जास्त तापलेला होत जातो. तातोपानीच्या वर आधी बारीक अभ्रक दिसतं, मग ज्वारीच्या दाण्याएवढे गार्नेटचे लाल मणी (आपल्याकडे सोनार तामडा म्हणतात तोच) आणि रूप्सेच्या वर निळ्या पात्यांचं कायनाइट. जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढतं, तेव्हा जास्त तापलेला खडक खाली असायला हवा आणि कमी तापलेला वर. इथे नेमकं उलटं. तवा पालथा घातल्यासारखं.

कायनाइट ओळखायची युक्ती शिकलो. रस्त्यावर पडलेल्या एका तुकड्यात बोटभर लांब निळी पाती होती. खिशातल्या चाकूने पात्याच्या लांबीच्या दिशेने ओढलं तर ओरखडा उठला. आडवं ओढलं तर चाकूच घसरला, पात्यावर काही नाही. एकाच स्फटिकाच्या दोन दिशांना दोन कठीणपणा! हा प्रयोग मुलांना करून दाखवता येणार नाही याचं वाईट वाटलं, कारण तुकडा तिथेच ठेवला. चाकूचा व्हिडिओ काढलाय. निळा शेडकार्डावर मिळाला, पण कार्डावरचा निळा फार धीट आहे. त्यात पांढरा मिसळावा लागेल.

हेच घटक कमी दाबाखाली वेगळं खनिज होतात. कायनाइट व्हायला दाब फार लागतो. इथल्या खडकाने जमिनीखाली तीस-पस्तीस किलोमीटर खोल, सहाशे-सातशे अंश उष्णता सोसली आहे. पट्टीवर तीस किलोमीटर म्हणजे तीन मीटर, फरशीच्याही दोन मीटर खाली. तिथला दगड आज रस्त्याच्या कडेला पडला आहे आणि त्यावरून खेचरं जातात. तो वर आला कसा? भ्रंशाच्या उतरत्या प्रतलावरून, दक्षिणेकडे, वर ढकलला जात. सुमारे २.२ कोटी वर्षांपूर्वी ही ढकल जोरात चालू होती. खोलवरचा तापलेला खडक वर येऊन उथळ, कमी तापलेल्या खडकाच्या डोक्यावर बसला. त्या घर्षणात सीमेजवळचा सगळाच पट्टा पिळवटून निघाला. म्हणून तापमानाची चढण उलटी दिसते.

"पण हा वरचा खडक मुळात कसला?" ताईने पुन्हा विचारलं. गाळ. भारताच्याच उत्तर काठावर साठलेला, खोल गाडला गेलेला, भाजून नाइस झालेला गाळ. म्हणजे दान्याला भारत भारतावरच चढलेला आहे. तिबेटचा इथे एक खडाही नाही.

मी वहीत "सांधा" लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं. ते खोडलं नाही, शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं. पट्टीवर दाना : २ मीटर १० सेंटिमीटर.

१० नोव्हेंबर, रविवार. घासा, कालोपानी, लार्जुंग

सकाळी धौलागिरी दिसला. ८१६७ मीटर. समोर पूर्वेला अन्नपूर्णा पहिलं, ८०९१ मीटर. नदी या दोघांच्या मधून अडीच हजार मीटर उंचीवरून वाहते. जगातली सर्वांत खोल दरी म्हणतात ती हीच, काठावरच्या शिखरांपासून मोजली तर. रात्री खोलीत कागदावर पूर्व-पश्चिम छेद त्याच प्रमाणात काढून पाहिला. दोन शिखरांमधलं अंतर पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे साडेतीन मीटर. खोली साडेपाच किलोमीटर, म्हणजे पंचावन्न सेंटिमीटर. परात झाली! खाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघितलेली दरी कागदावर परातीसारखी. ताई म्हणाली, थोडं ताण की उभं. नाही ताणणार.

नदी या पर्वतरांगेच्या उत्तरेला, तिबेटच्या सीमेपाशी उगम पावते आणि सर्वांत उंच शिखरांना कापून दक्षिणेला येते. डोंगर आधी असता तर पाणी अडलं असतं. पूर्वीचीच नदी, डोंगर हळूहळू उठत गेला, ती तेवढ्याच गतीने कापत राहिली. फळ्यावर "पूर्ववर्ती नदी" असा शब्द मी पंधरा वर्षं लिहितोय.

घासा ते कालोपानी खडक : डोळ्यांचा नाइस. पांढऱ्या फेल्डस्पारचे टपोरे दाणे आणि त्यांना वळसा घालून गेलेल्या अभ्रकाच्या रेषा, हुबेहूब डोळे. मूळचा ग्रॅनाइट, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे हिमालयाच्या फार आधी तयार झाला आणि हिमालय होताना पिळला गेला. डोळे कोणत्या बाजूला ओढलेत यावरून वरचा थर कुठे सरकला ते कळतं. ताईने वीस डोळे दाखवले. मला त्यातल्या बाराच्या बाबतीत पटलं.

धंपूजवळ रस्ता मोठमोठ्या शिळांच्या ढिगातून जातो. एके काळी इथे अख्खा कडा कोसळून नदी अडली आणि मागे मार्फापर्यंत तळं झालं. त्या तळ्याचा गाळ पुढे बघायला मिळेल.

११ नोव्हेंबर, सोमवार. लार्जुंग, मार्फा, जोमसोम, कागबेनी

दुसरा भ्रंश ओलांडला आणि तो कळलाही नाही. लार्जुंगच्या अलीकडे नाइस संपतो आणि चुनखडी सुरू होते. इथे उत्तरेकडचा वरचा भाग उत्तरेकडे खाली घसरला आहे. दान्याला खालून वर ढकल, इथे वरून खाली घसरण, आणि दोन्ही साधारण एकाच काळात. मधला नाइसचा पट्टा तळहातांत धरलेल्या ओल्या साबणासारखा बाहेर आला, असं ताईचं म्हणणं. हे अजून भूशास्त्रज्ञांच्या वादाचं आहे, पण मुलांना साबण कळेल.

मग निलगिरीची भिंत. चुनखडीच्या पिवळसर-करड्या थरांची एक प्रचंड वली, डोंगराएवढी, घडी घातलेल्या सतरंजीसारखी, आणि ती उत्तरेकडे कललेली. थर आडवे असतात हे मनातून कायमचं गेलं. थर ऑर्डोव्हिशियन काळातले, सुमारे ४७ कोटी वर्षांचे. उथळ समुद्रातले. एव्हरेस्टच्या माथ्यावरची चुनखडीही याच काळातली.

अकरानंतर वारा सुटला. जोमसोमची विमानं सकाळीच का उडतात ते कळलं. मार्फ्याला सफरचंदं घेतली, शेडकार्ड वाऱ्याने उडालं, एका मुलाने धावत जाऊन आणून दिलं. जोमसोमच्या पुढे दरी रुंद होते, पात्र पसरट, गोट्यांचं, हिरवं काही नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार, कार्तिकी एकादशी. मुक्तिनाथ

आज इथे असायचं हा हिशेब नव्हता, जमून आलं. पंढरपुरात आज पाय ठेवायला जागा नसेल. मुक्तिनाथला एकशेआठ धारांखालून लोक पळत जातात, पाणी बर्फाचं. मी सतरा धारांखालून गेलो, ताई सगळ्या. शेजारी ज्वालामाईच्या देवळात दगडाच्या फटीतून निळी ज्योत पेटलेली असते, जमिनीतून येणारा वायू जळतो आणि खालून पाणी वाहतं. आत्यासाठी धारेचं पाणी बाटलीत घेतलं.

खाली उतरताना काळ्या, ठिसूळ शेलचा (चिखलाच्या दगडाचा) उतार. पायाखाली चुरा होतो. याचे पट्टे हिमाचलातल्या स्पितीपासून नेपाळमार्गे तिबेटात जातात, म्हणून नाव स्पिती शेल. थर ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धातले, सुमारे १५ कोटी वर्षांचे. यात काळे गोटे असतात आणि काही गोट्यांच्या आत अमोनाइट : सर्पिल शंखाचा, आज नामशेष झालेला समुद्री प्राणी. मेल्यावर चिखलात गाडला गेला, त्याच्याभोवती चिखल घट्ट होत गेला. नदी शेल झिजवते, गोटे मोकळे होतात, पात्रात घरंगळतात. हाच शाळिग्राम. चक्र म्हणजे शंखाच्या कड्यांचा ठसा. काहींत पायराइट भरून सोनेरी झळाळी येते.

ओढ्याच्या काठावर एक म्हातारी बाई कापडावर शाळिग्राम मांडून बसली होती. मी आत्याच्या शाळिग्रामाचा फोटो दाखवला. तिने मोबाइल हातात घेतला, कपाळाला लावला आणि मग चक्र किती ते मोजलं. विकत घेतला नाही. तिने आग्रहही केला नाही.

आता हिशेब. शाळिग्रामातला प्राणी जिवंत होता तेव्हा इथे टेथिस समुद्र होता. त्याच्या दक्षिण किनाऱ्याला भारत, आणि भारत तेव्हा विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला. आमच्या घाटातला बसाल्ट वाहिला ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे सह्याद्रीचा लाव्हा वाहत होता तेव्हा शाळिग्राम आठ कोटी वर्षांचा जुना दगड होता आणि समुद्र अजून मिटायचा होता. लाव्हा थिजताना त्यातल्या चुंबकीय कणांनी त्या वेळची दिशा धरून ठेवली. १९५६ मध्ये दख्खनच्या बसाल्टवरची मोजमापं प्रसिद्ध झाली, तेव्हा ती दिशा आजच्या जागेशी जुळेना. तो लाव्हा दक्षिण गोलार्धात थिजला होता. भूपट्ट सरकतात हे जगाने मान्य करायच्या दहा-बारा वर्षं आधीची गोष्ट. आत्याच्या घरी शाळिग्राम देवघरात आणि देवघर बसाल्टच्या जोत्यावर. प्रवासाचे दोन्ही पुरावे एकाच खोलीत.

आणि सांधा? ताईला म्हणालो, हा तरी समुद्रतळ आहे ना? मग सांधा याच्या पुढे.

"हा समुद्राचा काठ," ती म्हणाली. "भारताचं पाऊल पाण्यात होतं, तेवढाच उथळ भाग. खरा खोल समुद्राचा तळ बसाल्टचा असतो. तो सगळा तिबेटखाली गेला. थोडा चिरडून वर राहिलाय, त्सांगपोच्या, म्हणजे तिबेटातल्या ब्रह्मपुत्रेच्या, काठाने. तो सांधा." म्हणजे बेनीच्या फिलाइटपासून मुक्तिनाथच्या शाळिग्रामापर्यंत जे जे पाहिलं ते सगळं एकाच भूपट्टाचं. भारताचा उत्तर काठ, सोललेला आणि साल सालीवर रचलेला. दुसरा भूपट्ट आम्ही पाहिलाच नाही.

ऑगुस्टो गान्सर या स्विस भूशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये यात्रेकरूच्या वेशात कैलासाला जाऊन त्या पट्ट्यातले समुद्रतळाचे खडक ओळखले होते. आपल्याला सोपं पडेल असं ठिकाण लडाख, तिथे सिंधूच्या काठाने तोच सांधा रस्त्यावरून दिसतो. ताई म्हणाली, "पुढची भाऊबीज."

१३ नोव्हेंबर, बुधवार. जोमसोम

एक राहिलेलं. जोमसोमच्या उत्तरेची ही रुंद दरी पूर्व-पश्चिम ताणाने खचलेली आहे. नाव थाकखोला. दक्षिणोत्तर दाब इतका की तिबेटचं पठार आता आडवं पसरतंय आणि मध्ये असे खड्डे पडतात. इथला गाळ साधारण १.१ कोटी वर्षांपासून साठत आलाय. हे दक्षिणोत्तर पट्टीवर दाखवायची सोय नाही. कोपऱ्यात वेगळं चित्र काढावं लागेल.

१७ नोव्हेंबर, रविवार

घरी. तुळशीचं लग्न चुकलं. आत्या म्हणाली, "नवऱ्याचं गाव बघून आलास आणि लग्नाला नाहीस." पाण्याची बाटली दिली, मग राग गेला. तिला सांगितलं की हा पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा शंखाचा प्राणी आहे. ती म्हणाली, "मत्स्य, कूर्म झाले तसं हेही." यावर मला काही सुचलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पट्टी रंगवायला घेतली. दहावीची नऊ मुलं. "मोती" दोन मीटरपर्यंत, मग निळसर पट्टा, मग डोळे. डोळे काढायला सगळ्यांना हवे होते, त्यामुळे आमच्या नाइसला निसर्गापेक्षा बरेच जास्त डोळे आले. ताईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं : "कल उत्तरेकडे. तुझी मुलं सरळ रेषा काढतायत." पुन्हा पाहिलं तर दीड मीटरभर थर आडवे काढलेले. घाटातली मुलं! पांढरा मारून पुन्हा.

रंगांवर सगळीकडे एकच जाड बाह्यरेषा ओढली, बेनीपासून कागबेनीपर्यंत, आणि तिच्यात लिहिलं : भारतीय भूपट्ट.

७ डिसेंबर, शनिवार

पट्टी लागली. प्रश्न विचारणारी मुलगी डाव्या टोकाशी उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे सांधा नाहीच?"

नकाशावर मोजलं. कागबेनीपासून उत्तरेला त्सांगपोपर्यंत साधारण नव्वद किलोमीटर. आपल्या प्रमाणात नऊ मीटर. टेप घेऊन भिंतीच्या टोकापासून निघालो. दारातून बाहेर, व्हरांडा, दोन पायऱ्या, आणि सायकल स्टँडच्या तिसऱ्या खांबापाशी नऊ मीटर भरले. सांधा म्हणजे रेषा नव्हे, काही किलोमीटर रुंदीचा चिरडलेला पट्टा, म्हणून वीतभर रुंदीचा हिरवा पट्टा फरशीवर मारायचा ठरलं, कारण तिथले समुद्रतळाचे काही खडक हिरवट असतात. हिरवा रंग घरातल्या दाराचा उरलेला होता.

एका मुलाने विचारलं, भारत वर्षाला दोन सेंटिमीटर आत जातो तर आपल्या पट्टीवर किती? दहा हजाराने भागलं : दोन मायक्रॉन. त्याने केसाच्या जाडीशी तुलना करायला स्वतःचा केस उपटला.

शिपाईकाका सायकली हलवू देईनात. सांधा आहे काका, असं मुलांनी सांगितल्यावर ते म्हणाले, सांधा असू दे, रंग वाळायला किती वेळ? सोमवार सकाळपर्यंत दोन-तीन खांबांच्या मधल्या सायकली पिंपळाखाली लावायच्या असं ठरलं. पट्ट्याच्या उत्तरेला खडूने "तिबेट" लिहिलंय. तिथे मुख्याध्यापकांची स्कूटर असते.